एक्केचाळिसावा दात

आधी कमान उतरवायची.
हे कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या डाव्या अंगठ्यात आहे;
सत्याऐंशी साली एका ग्रामोफोननं शिकवलं.
भरलेली कमान म्हणजे गप्प बसलेला माणूस,
झाकण काढल्यावरच कळतं किती वर्षांचं होतं.

सलोमीबाई उमाप पेटी रिक्षातून घेऊन आल्या
मांडीवर, चादरीत गुंडाळून,
दवाखान्यातून बाळ घरी न्यावं तशी.
मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी बाळंतपणंच केली.
कुणी मेट्रनबाई मायदेशी जाताना
ही मागे ठेवून गेली.
"वाजली नाही तरी चालेल," म्हणाल्या,
"आतून खुळखुळते, तेवढं बघा."

जेवणाच्या ताटाएवढी पोलादी तबकडी,
उलटी धरली तर चक्क किसणी.
तिचा काटा चांदणीला ढकलतो,
चांदणी फणीचा दात छेडते,
आणि पेराएवढा एक पंखा
सगळ्यांची घाई आवरून धरतो.
शिलाई मशीनला असा पंखा नसतो.
बऱ्याच घरांनाही नसतो.

चांदण्यांच्या बुडाशी कृष्णेचा गाळ.
पुराच्या वर्षी पेटी खाटेखाली होती.
रॉकेल, दाताचा ब्रश, मग सुई, मग फुंकर;
तीन दिवस नदी निघत राहिली.
वाळली तशी बशीत साठवली,
का, ते विचारू नका.
तेल किती? सुईच्या टोकावर राहील तेवढं,
त्याच्याही निम्मं.

खुळखुळत होता तो एक्केचाळिसावा दात,
मुळातून गेलेला.
खाच पाडून नवा बसवला, जाड कमानीच्या तुकड्याचा.
टोकाला घासलं की सूर चढतो,
मुळाशी घासलं की उतरतो,
एवढं मला कळतं.
कुठं थांबायचं, ते नाही कळत.
माझा कान मशीनचा.
बॉबिन अडकली तर चौकातून ओळखीन.

म्हणून शेजारच्या बाळेचाँद शिकलगारला हाक मारली,
तीन पिढ्या भोपळ्यांना गळे बसवणाऱ्यांतला.
बोटांवर पॉलिशचे डाग, डोळे मिटलेले,
नखानं एकेक दात छेडला:
मागचा, पुढचा, पुन्हा मागचा.
कडू काढा प्याल्यासारखं तोंड केलं.
"ह्यो गंधार आपला न्हवं, गड्या.
चढा हाय. उतरीव जरा."
मी मुळाशी कानस फिरवली, दोनदा, हलक्या हातानं,
आणि दात खरा झाला.
असा खरा, की भिंतीपलीकडं त्याचा तंबोरा
आपसूक बोलला,
असं तो सांगतो.

मग तबकडी चढवली.
तोच तेवढा खोटा वाजला.
शहात्तर जणांच्या पंगतीत
एकटा सोवळं नेसून बसलेला.

बाळेचाँद हसला नाही. चहा सांगितला.
अर्धा कप पिऊन म्हणाला, "टोकाला घास.
त्यांच्यातच ऱ्हायचंय त्याला."
आणि मान फिरवून बसला,
इंजेक्शन घेताना माणूस बसतो तसा.

सलोमीबाई बुधवारी आल्या.
पेटी वाजली, सगळीच्या सगळी,
एकदाही न अडखळता.
त्यांनी कडेवर दोन बोटं टेकवली
आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या
सेकंदकाट्याकडं बघत राहिल्या
कमान संपेपर्यंत.
"बरी आहे," म्हणाल्या.

पैसे मोजले. चादर नीट केली.
मग उंबऱ्यात थांबून,
"तो खुळखुळायचा, तो कुठाय?"

काडेपेटीत घालून दिला.
रिक्षा वळताना दिसलं,
पेटी मांडीवर, हात तिच्यावर,
आणि दुसऱ्या हातानं
काडेपेटी कानाशी धरून
त्या हळूच हलवत होत्या.